साठ नंबरचं ऑइल

१

सरावाच्या चौथ्या फेरीला गाडी वळणावर आली आणि मागची चाकं जागच्या जागी थिजली. इंजिन जाम झालं होतं. गाडी दोनदा गरकन फिरली, टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली आणि धूर सोडत उभी राहिली. चालवणारी मुलगी स्वतःच्या पायांनी बाहेर आली खरी, पण तिच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. दोन महिन्यांवर आलेल्या शर्यतीवर पाणी पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांनी आपल्या आतेबहिणीला फोन केला. ही आतेबहीण त्यांना दादा म्हणे आणि एका प्रयोगशाळेत काम करायची. ट्रक, जहाजं, कारखान्यातली यंत्रं यांच्या पोटातलं ऑइल छोट्या बाटल्यांतून तिच्याकडे येई, आणि डॉक्टर रक्त तपासून रोग सांगतात तसं ती ऑइल तपासून इंजिनाचं दुखणं सांगे. सगळे तिला तेलबाई म्हणत. एकच उणीव होती. दोन वर्षांपूर्वीच्या एका तापात तिचं नाक गेलं होतं. डांबर आणि अत्तर तिला सारखंच. ही गोष्ट ती कामाच्या ठिकाणी कुणाला सांगत नसे.

गॅरेज घराला लागूनच होतं. सिमेंटची जमीन, भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले पाने, मध्ये स्टँडवर चढवलेली ती चेपलेली गाडी. इंजिनाचं खालचं चेंबर उघडलं होतं आणि त्यातलं काळं ऑइल एका ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. शेजारी फडक्यावर बेअरिंगच्या पट्ट्या मांडल्या होत्या. वरचा चंदेरी थर पार खरवडून गेला होता, आतलं तांबं उघडं पडलं होतं.

"बघ," दादा म्हणाला. रागानं त्याचे कान लाल झाले होते. "मिस्त्रीनं घात केला. ऑइल त्यानंच निवडलं, त्यानंच भरलं. बावीस वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला मी. पोरगी थोडक्यात वाचली."

कॉम्प्रेसरजवळच्या खुर्चीत मामा बसले होते, म्हणजे दादाचे वडील. हे गॅरेज त्यांनीच उभं केलं, आणि लहानपणी तेलबाईला ऑइल बोटांत चोळून बघायला शिकवलं तेही त्यांनीच. गेल्या वर्षापासून त्यांची आठवण दगा देऊ लागली होती. मघाशी त्यांनी तेलबाईला तिच्या आईच्या नावानं हाक मारली होती. आता ते उठून ट्रेपाशी आले, बोट बुडवलं, नाकाशी नेलं.

"बसचं इंजिन आहे ना हे? पेट्रोल आहे यात. माझा धाकटा भाऊ कुठे गेला? त्याला बोलव."

धाकटा भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"बाबा, हात पुसा," दादा थकलेल्या आवाजात म्हणाला. "बसचं नाही ते. आणि इथे सगळ्यालाच पेट्रोलचा वास येतो."

तेलबाईनं पिशवीतून काचेच्या दोन नळ्या काढल्या. एकीत साठ नंबरचं नवं ऑइल, मिस्त्री भरलं म्हणत होता ते. दुसरीत ट्रेमधलं, फडक्यातून गाळून. दोन्हीत पोलादाची एकेक गोळी टाकली आणि बुचं लावून नळ्या एकदमच उलट्या केल्या. जाड ऑइलात गोळी सावकाश उतरते, पातळ ऑइलात भरकन.

पहिली गोळी निम्म्यावरही आली नव्हती, तोवर दुसरी टक्कन तळाला लागली.

"दादा, हे साठ नंबरचं ऑइल नाहीच."

२

मिस्त्री दाराशीच उभा होता. आडव्या अंगाचा, पोट सुटलेला, हातात टोपी. ते ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बाई, तीन आठवड्यांपूर्वी या हातांनी भरलं मी. सील तोडून. रिकामे डबे त्या फळीवर आहेत."

डबे होते. साठ नंबरचेच होते.

"साठच का निवडलं? कंपनी तर अशा इंजिनाला याहून पातळ सांगते."

हा प्रश्न मिस्त्रीला आवडला असावा. त्याची पाठ जरा ताठ झाली. "कंपनी रस्त्यावरच्या गाडीचं सांगते. हे इंजिन मी शर्यतीसाठी बांधलंय. बेअरिंग आणि दांड्यामधली फट मुद्दाम जास्त ठेवलीय. ट्रॅकवर ऑइल एकशे तीस डिग्रीपर्यंत तापतं. तेवढ्या तापात वीस नंबरचं पाण्यासारखं होतं, फटीतून निसटून जातं. मग लोखंडावर लोखंड घासतं. ऑइल महागातलं घेतलं म्हणून भागत नाही बाई, फट बघून घ्यावं लागतं."

"आणि वीस नंबरचं घाला असं कोण म्हणत होतं?"

मिस्त्रीनं मान कोपऱ्याकडे वळवली. तिथे गॅरेजचा इंजिनियर बसला होता. तिशीतला, सहा फुटांहून उंच, मांडीवर सदान्‌कदा लॅपटॉप. म्हणून त्याचं नावच लॅपटॉप पडलं होतं. इंजिनाला किती पेट्रोल, केव्हा, कसं द्यायचं हे तो ठरवायचा.

"हो, मीच म्हणत होतो," तो म्हणाला. "पातळ ऑइल ढकलायला इंजिनाला कमी जोर लागतो. सहा-सात हॉर्सपॉवर फुकट मिळतात. फट थोडी कमी ठेवली असती तर चाललंही असतं. पण इथे माझं ऐकतं कोण?"

त्यावरून दोघांत कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हापासून त्यांच्यात विस्तव जात नव्हता. मिस्त्रीनं साठ नंबरचं भरलं, आणि नेमके ब्रेकचे सुटे भाग यायला उशीर झाला. म्हणून चाकं काढून गाडी स्टँडवर चढवली. तीन आठवडे ती तशीच होती. ट्रॅकवरच्या सरावाच्या आदल्या संध्याकाळी खाली उतरवली, ट्रकवर चढवली आणि थेट मैदानात नेली.

"म्हणजे ऑइल भरल्यापासून गाडी चाललीच नाही?"

"चाकंच नव्हती," मिस्त्री म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून दादाची मुलगी आली. डावा हात गळ्यात अडकवलेला, उजव्या हातात दोन डबे.

"आत्या, हे लॅपटॉपच्या कपाटात सापडले."

वीस नंबरचं ऑइल होतं. आणि त्यातला एक डबा रिकामा होता.

३

"माझ्या स्वतःच्या गाडीत घातलंय!" लॅपटॉप जागचा उठला. "बाहेर उभी आहे, तपासा."

"मग डबे लपवलेस कशाला?" मुलगी म्हणाली. "आणि माझी सीट कोण सरकवायचं? दर वेळी बघते तर सीट पुढे. माझे गुडघे स्टिअरिंगला लागायचे. तू गाडीत बसून काहीतरी करत होतास."

लॅपटॉपनं तिच्याकडे असं काही पाहिलं, की तेलबाई बुचकळ्यात पडली. पकडला गेलेला माणूस असा बघत नाही. त्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती. आश्चर्य होतं.

"मी? मला वाटलं..." तो बोलता बोलता थांबला. "काही नाही."

तेलबाईनं त्याच्या गाडीतलं ऑइल एका बाटलीत घेतलं. ती निघणार तोच मिस्त्री मागून आला आणि तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली आणखी एक बाटली ठेवली. मोठी, जवळजवळ भरलेली.

"हे काय?"

"ट्रॅकच्या दिवशी सकाळी मैदानात ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली. ऑइल वरच्या खुणेच्या पार वर गेलेलं. मी बरोबर मध्ये ठेवलं होतं. जास्तीचं काढून खुणेपर्यंत आणलं. काढलेलं ते हे."

"ऑइल वाढलं? उभ्या गाडीत?"

"वाढलं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

मिस्त्री टोपी चुरगळत राहिला. "मला वाटलं, त्यानं आपलं ऑइल वरून ओतलं. त्याला विचारायचं म्हणजे आधी बोलायला हवं. मी मालकाच्या मुलीला त्या गाडीत बसू दिलं, बाई. तेवढ्यासाठी मालकांनी मला हाकललं तरी मी हूं की चूं करणार नाही."

दादानं हे ऐकलंच. मग काय, त्याचा पारा आणखी चढला. "म्हणजे एकानं ओतलं आणि दुसऱ्यानं बघून तोंड शिवून घेतलं! उद्या संध्याकाळपर्यंत सांग मला, नक्की कोण. तू नाही सांगितलंस तर दोघांनाही घरी बसवतो."

प्रयोगशाळेत पोचल्यावर तेलबाईनं आधी मिस्त्रीची बाटली यंत्राला लावली. प्रत्येक ऑइलात बनवणारे आपापली औषधं मिसळतात. त्यातल्या जस्ताचं, बोरॉनचं प्रमाण बघितलं की कुठलं ऑइल कुठे मिसळलं ते कळतं. वीस नंबरच्यात बोरॉन भरपूर होतं. लॅपटॉपच्या गाडीतही तेच निघालं, म्हणजे त्यानं सांगितलं ते खरं होतं. साठ नंबरच्यात बोरॉनचा मागमूसही नव्हता.

मिस्त्रीच्या बाटलीतही नव्हता.

बाटलीत साठ नंबरच्या ऑइलाशिवाय दुसरं कुठलंही ऑइल नव्हतं. आणि तरीही ते पातळ होतं.

४

तिनं पुन्हा लावलं. तेच. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, दुसऱ्या बाटलीवर तपासून घेतलं. यंत्र धडधाकट होतं. जस्त मात्र असायला हवं त्यापेक्षा जरासं कमी, जणू कुणी वरणात पाणी घातलंय.

पाणी? पाण्यानं ऑइल दुधाळ होतं. हे काळंभोर होतं.

ती स्टुलावर बसून राहिली. ऑइल बदललं नाही. दुसरं मिसळलं नाही. गाडी हलली नाही. तरी ऑइल वाढलं, आणि पातळ झालं. डोक्याचा नुसता भुगा झाला होता. वीस वर्षं तिनं हजारो बाटल्या वाचल्या होत्या, आणि आज घरच्या माणसाची बाटली तिला वाचता येईना. उद्या संध्याकाळी दादासमोर काय तोंड घेऊन उभी राहणार? दोन माणसांच्या भाकरीचा प्रश्न होता.

तिनं सवयीनं बाटलीचं बूच काढून नाकाशी नेलं. अर्थात काहीच आलं नाही. तिथेच तिचा हात थबकला.

मामांनी वास घेतला होता. त्यांनी बसचं इंजिन म्हटलं, मेलेल्या भावाला हाक मारली, आणि त्या दोन्हींच्या मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली. दोन चुकीच्या वाक्यांत बसलेलं तिसरं सगळ्यांनी चुकीचंच धरलं होतं. आणि ज्या एकाच माणसानं स्वतः वास घेऊन खात्री करायची, तिला वास येत नव्हता.

तिनं बाटलीतलं ऑइल छोट्या भांड्यात ओतलं आणि तापवायला ठेवलं. वरून दर थोड्या वेळानं बारीक ज्योत फिरते. चांगलं ऑइल दोनशे तीस डिग्रीच्या आसपास भपकन पेट घेतं. आकडा ऐंशीवर गेला, नव्वदवर गेला. एवढ्यात काही व्हायचं नाही म्हणून ती पाणी प्यायला वळली.

मागे भक् असा आवाज झाला. भांड्यावर निळी ज्वाळा उठून विझली होती.

पेट्रोल. जवळजवळ दहावा हिस्सा.

आता वाढलेल्या ऑइलाचा उलगडा झाला, पण त्यातून दुसरीच गाठ पडली. थंड इंजिन सुरू करताना त्याला जास्तीचं पेट्रोल लागतं, आणि शर्यतीच्या इंजिनाला तर फारच. त्यातलं न जळलेलं पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलात उतरतं. इंजिन चांगलं तापलं की ते उडून जातं. पण सुरू केलं आणि दोन मिनिटांत बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं, तर ते साचत जातं. एक-दोनदा नव्हे, कितीतरी वेळा.

आणि त्या तीन आठवड्यांत तर गाडीला चाकंही नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लॅपटॉपला बाहेर फुटपाथवर गाठलं.

"इंजिन किती वेळा सुरू झालं याची नोंद तुझ्याकडे असते ना?"

त्यानं लॅपटॉपची बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"हे बघ, तू ऑइल ओतलं नाहीस हे मला कळलंय. पण काहीतरी लपवतोयस. कुणासाठी?"

त्यानं खाली बसून गुडघ्यांवर लॅपटॉप उघडला. "तीन आठवड्यांत एकोणचाळीस वेळा, मॅडम. रोज सकाळी सातच्या सुमाराला, आणि बऱ्याचदा दुपारी पावणेदोनला. दोन-तीन मिनिटं, बस्स. मी अपघातानंतर बघितलं. मला वाटलं, तीच येऊन बसते. शर्यतीची हौस, गाडी स्टँडवर, राहवत नसेल. तिचं हाड मोडलेलं, त्यात तिच्यावरच खापर फुटलं असतं. म्हणून बोललो नाही."

"ती तर म्हणते सीट कुणीतरी पुढे सरकवायचं."

"तेच तर! काल तिनं ते म्हटलं आणि माझं डोकं चक्रावलं. ती असती तर सीट हललीच नसती."

तेलबाई मनाशी जुळवू लागली. सीट पुढे घेणारा बुटका असणार. लॅपटॉप ताडासारखा उंच. मिस्त्री त्या सीटमध्ये पोटामुळे मावतच नाही, आणि दोघंही नऊला येतात, दुपारी दीडला जेवायला बाहेर जातात. दादा सकाळी सहाला पोहायला जातो आणि दुपारी ऑफिसात असतो. मुलगी वेगळी राहते. मग सातला आणि पावणेदोनला इथे कोण असतं?

किल्ली घरात, स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला अडकवलेली असते.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, ओट्यापाशी भाजी चिरत होती. तेलबाईनं दार लोटून घेतलं.

"वहिनी, गाडीची किल्ली सकाळी तू कुणाला देतेस?"

सुरी थांबली. वहिनीनं वळून पाहिलं नाही.

"बाबांना डॉक्टरांनी गाडी बंद केल्यापासून रोज दाराशी उभे राहायचे, ताई. किल्ली दे म्हणायचे. नाही म्हटलं की कधी ओरडायचे, कधी लहान मुलासारखे रडायचे. माझ्यानं बघवेना. मग ही गाडी स्टँडवर चढली. म्हटलं, हिला चाकंच नाहीत, जाणार कुठे? बसतात, सुरू करतात, आवाज ऐकतात, दोन मिनिटांत शांत होऊन आत येऊन जेवतात. सीट मीच पुढे ओढून द्यायचे, त्यांचे पाय पोचत नाहीत." तिनं पदरानं हात पुसले. "का विचारता? त्यानं काय बिघडणार होतं?"

तेलबाईनं खुर्ची ओढली, वहिनीला बसवलं आणि सांगितलं. सांगताना वहिनीच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"म्हणजे माझ्या पोरीला मीच..." एवढंच वहिनी म्हणाली.

६

संध्याकाळी सगळे गॅरेजात जमले. मामा आत झोपले होते. तेलबाईनं फळीवर तीन बाटल्या ठेवल्या आणि एकेक करून सांगत गेली. पातळ झालेलं ऑइल, पण दुसऱ्या ऑइलाचा पत्ता नाही. वाढलेली पातळी. नव्वदीतच उठलेली ज्वाळा. एकोणचाळीस नोंदी. सीट. शेवटचा दुवा सांगायची तिला हिंमत होईना, तेव्हा वहिनीच पुढे झाली आणि सगळ्यांसमोर बोलली.

कालपासून ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस दादाच्या हाताशी होता. आता ओरडायला समोर कुणी उरलं नव्हतं. बायकोकडे बघितलं, आतल्या बंद दाराकडे बघितलं. मग तो स्टँडच्या कडेवर मटकन बसला.

"मी सकाळी सातला घरी असायला हवं होतं," तो म्हणाला.

मुलगी आईजवळ गेली आणि चांगला हात तिच्या खांद्यावर टाकला. "आजोबांना यातलं काही सांगायचं नाही. कुणीही नाही. माझं हाड आहे, तेव्हा मी सांगते."

"मिस्त्री," दादा खाली बघत म्हणाला, "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

"बोललात," मिस्त्री म्हणाला. त्यानं टोपी घातली आणि निघून गेला. माफ केलं असंही म्हणाला नाही, येतो असंही नाही. लॅपटॉप त्याच्यामागे धावत गेला.

तेलबाई अहवाल लिहायला बसली. कारण: वारंवार थंड इंजिन सुरू केल्यामुळे ऑइलात पेट्रोल मिसळले, ते पातळ झाले, बेअरिंग गेले. खाली जबाबदार कोण असा रकाना होता. तिथे तिचं पेन बराच वेळ अडून राहिलं. पट्टी बघून गप्प बसलेला मिस्त्री? नोंदी दाबून ठेवणारा लॅपटॉप? की कीव आली म्हणून किल्ली देणारी बाई? स्वतःचं नाक गेल्याचं तिनं तरी कुठे सांगितलं होतं? तिला खरोखरच कळेना. रकाना कोरा ठेवून तिनं खाली सही केली.

चार दिवस मिस्त्री आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला, "ताई, लवकर या, इथे काय चाललंय मला समजत नाहीये."

तेलबाई पोचली तर गॅरेजच्या मागच्या अंगणात मिस्त्री आणि लॅपटॉप घामाघूम होऊन उभे होते. लोखंडी चौकटीवर एक जुनं चार सिलिंडरचं इंजिन बसवलेलं. पुढे स्टिअरिंग नाही, चाक नाही. एक खुर्ची, एक किल्ली, एक तापमानाचा काटा. दोघं मोठ्यानं वाद घालत होते.

"चाळीस नंबरचं बस झालं. हे काय ट्रॅकवर जाणाराय?"

"जुनं इंजिन आहे, फटी वाढल्यात. पन्नास घाल."

"बरं, पन्नास. पण अर्धा तास तापल्याशिवाय बंद होणार नाही अशी सोय मी केलीय."

"ती चांगली केलीस. दर पंधरा दिवसांनी ऑइल मी बदलीन."

दादा मामांना हाताला धरून घेऊन आला. मामांनी चौकटीभोवती एक चक्कर मारली, खुर्चीत बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकललं, मग लयीत आलं. मामा मान किंचित कलती करून ऐकत राहिले. पाच मिनिटं, दहा, वीस. कुणी हललं नाही. अर्ध्या तासानं काटा वर चढून स्थिरावला, तेव्हा त्यांनी किल्ली बंद केली आणि खिशातून रुमाल काढून एकेक बोट नीट पुसलं.

मग उठून ते मिस्त्रीसमोर उभे राहिले. बावीस वर्षांपूर्वी याच माणसाला त्यांनी कामावर ठेवलं होतं. आज ते ओळखत होते की नव्हते, तेलबाईला सांगता आलं नसतं.

"काम चांगलं आहे तुमचं," मामा म्हणाले. "उद्या मी किती वाजता येऊ?"

मिस्त्रीनं टोपी काढली.

"सातला या, मालक. मीही तेव्हाच येतो."